एक बाटली सगळ्यांना चालेल का? जेलरोडच्या काउंटरवरचं एक प्रकरण

हे प्रकरण एका न विकलेल्या बाटलीचं आहे. काळ नोव्हेंबर २०२५चा शेवटचा आठवडा, जागा नाशिकरोडला जेलरोडवरचं आमचं मेडिकल. घराची ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. औषधं, त्यांची मात्रा आणि कशानंतर काय झालं हा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

मागणी

संध्याकाळची गर्दीची वेळ. तिशीतली एक सूनबाई आली, कडेवर तीन वर्षांची मुलगी. "ताई, खोकल्याचं चांगलं पातळ औषध द्या. आमच्या नानांना महिना झाला, रात्री नुसती ढास लागते, घरात कुणाला झोप नाही. हिलाही चार दिवस झाले सुरू झालंय. एकच मोठी बाटली द्या, दोघांना चालेल अशी. आणि कंपनी चांगली बघा, त्या छिंदवाड्याला सिरपने मुलं दगावल्याच्या बातमीनंतर भीतीच वाटते."

खोकल्याच्या औषधाची मागणी बहुतेक वेळा अशीच येते. खोकणारा माणूस स्वतः क्वचित येतो. येतं ते घरातलं दुसरं कुणीतरी, आणि खोकला थांबत नाही यापलीकडे त्याला फारसं काही ठाऊक नसतं. मागताना नाव तरी घेतलं जातं ("ती लालवाली द्या") नाहीतर "चांगलं" म्हटलं जातं. गर्दीत सगळ्यात खपणारी बाटली उचलून दिली, मापाचं झाकण दाखवलं, "दोन-दोन चमचे तीन वेळा" म्हटलं, तर गिऱ्हाईकही खूश आणि दुकानही खूश. या प्रकरणातही तसंच होऊ शकलं असतं, कारण नानांच्या घरी याच रीतीने दोन बाटल्या येऊन गेल्या होत्या.

काय विचारलं, काय कळलं

नाना ६६ वर्षांचे, प्रेसमधून निवृत्त. रक्तदाब जुना, साखर सातेक वर्षांची. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू. विडी-सिगारेट कधीच नाही. खोकला सुका, घशात काहीतरी वळवळल्यासारखं होतं आणि ढास लागते. आडवं झालं की जास्त. कफ नाही, ताप नाही, थुंकीत रक्त नाही, छातीत घरघर नाही. वजन उतरलेलं नाही. "भूक तर इतकी की गोड चोरून खातात," सूनबाई म्हणाली.

कधीपासून, या प्रश्नाला मात्र घरात एकमत नव्हतं. मुलाच्या मते दिवाळीच्या फटाक्यांच्या धुरापासून. सूनबाईच्या मते थंडी पडल्यापासून, कारण नाना पहाटे पाचला फिरायला जातात. खुद्द नाना रस्त्याच्या कामांना दोष देत होते. सिंहस्थासाठी शहर उकरून ठेवलंय आणि ती धूळ आपल्या घशात बसली आहे असं त्यांचं ठाम मत. यातलं एकही कारण हास्यास्पद नाही. नोव्हेंबरात नाशिककराला खोकल्याचं कारण शोधावंच लागत नाही. निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या सुरू झाल्या की अर्धं गाव खोकत असतं. अशी तयार कारणं हाताशी असली की खरं कारण कुणी विचारत नाही, ही या प्रकरणातली पहिली अडचण.

सर्दीनंतरचा साधा खोकलासुद्धा लोकांना वाटतो त्यापेक्षा रेंगाळतो. अमेरिकेत २०१३ मध्ये याची तपासणी झाली होती. लोकांची अपेक्षा आठवड्याभराची आणि खोकला टिकतो सरासरी १८ दिवस, असं त्यात दिसलं. त्यामुळे दहाव्या दिवशी घाबरून बाटली बदलणाऱ्याला मी सहसा थांबवते. पण नाना त्या हिशेबाच्या पुढे गेले होते. महिनाभराचा खोकला आणि सुरुवातीला सर्दी झाल्याचं कुणालाच आठवत नाही. शिवाय आपल्याकडे दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हटलं की क्षयरोगाची तपासणी व्हायलाच हवी, माणूस कितीही धडधाकट दिसो. साखर असलेल्यांत तर नक्कीच. म्हणजे काउंटरवरून औषध देऊन मोकळं होण्याची मुदत आधीच संपली होती.

तरीही "डॉक्टरांना दाखवा" एवढंच म्हणून पाठवलं असतं तर ती पुढच्या दुकानात गेली असती. म्हणून बाटलीचा विषय पूर्ण बोलायचं ठरवलं.

फळी

आमच्या फळीवर खोकल्याच्या पंचवीस-तीस तरी बाटल्या असतील. बाहेरून वेगळ्या, आतून चार-पाच घराणी. एकेका बाटलीत तीन-चार औषधं एकत्र असतात आणि प्रत्येकाचं काम निराळं. एक खोकल्याची उबळ मेंदूतूनच दाबतं, एक कफ पातळ करतं, एक श्वासनलिका सैल करतं, एक नाक सुकवतं, एक नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतं. "खोकला" नावाच्या गोष्टीवर काम करणारं असं एकच औषध त्यात नसतं. त्यामुळे मी निवड उलट्या बाजूने करते. समोरचा माणूस कोण आहे ते पाहायचं आणि त्याला जे घटक नकोत ते असलेल्या बाटल्या फळीवरून एकेक करून वजा करायच्या. शेवटी काही उरलं तर ते द्यायचं.

नानांच्या बाबतीत ही वजाबाकी लवकर झाली, कारण दोन बाटल्यांचा प्रयोग घरीच होऊन गेला होता. सूनबाईने नवऱ्याला फोन लावला आणि त्याने दोन्ही रिकाम्या बाटल्यांचे फोटो पाठवले.

पहिली बाटली डायफेनहायड्रामिनची. जुनं, झोप आणणारं ॲलर्जीविरोधी औषध. नाना त्यावर तीन रात्री झोपले, म्हणून ती घरात चांगली ठरली. मी विचारलं, "त्या दिवसांत लघवीला काही त्रास?" सूनबाई जरा गोंधळली, मग नवऱ्याला विचारून म्हणाली, "हो, फार वेळ लागत होता, रात्री तीन-तीनदा उठून बसायचे. प्रोस्टेट वाढलं वाटतं म्हणून सर्जनची वेळ घ्यायचं चाललं होतं." हे औषध मूत्राशयाचं आकुंचन मंदावतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी त्याने तुंबू शकते. नाना एकीकडे लघवी सुटावी म्हणून टॅमसुलोसिन घेत होते आणि दुसरीकडे ती अडवणारं औषध मापाच्या झाकणाने पीत होते. बाटली संपली आणि त्रासही कमी झाला, पण दोन गोष्टी कुणी जोडल्या नाहीत. खोकल्याच्या औषधाने लघवी अडेल असं कोणाच्या मनात येणार? त्याच जातीच्या क्लोरफेनिरामिनचंही तेच. आपल्याकडच्या सुक्या खोकल्याच्या बहुसंख्य मिश्रणांत या दोघांपैकी एक असतंच. साठीपुढच्या पुरुषाला अशी बाटली देण्याआधी "लघवीला कसं आहे काका?" एवढं विचारलं तरी पुष्कळ टळतं. काचबिंदूच्या काही प्रकारांतही ही औषधं नकोत. झोपेच्या गुंगीत रात्री उठून पडण्याचा धोका वेगळाच.

दुसरी बाटली प्रेसमधल्या जुन्या मित्राच्या सल्ल्याने आलेली. अँब्रॉक्सॉल, लेव्होसाल्ब्युटामॉल, ग्वायफेनेसिन. यातलं अँब्रॉक्सॉल चिकट कफ पातळ करतं. नानांना कफच नव्हता. लेव्होसाल्ब्युटामॉल दम्यात श्वासनलिका सैल करतं. नानांना ना दमा ना घरघर. कफ सुटावा म्हणून घालतात त्या ग्वायफेनेसिनची गंमत वेगळी. मोठ्या माणसाला त्याची मात्रा एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम धरतात. आपल्याकडच्या पुष्कळ मिश्रणांत ते ५ मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम असतं. दोन चमचे घेतले तरी शंभर. म्हणजे लेबलवर नाव आहे, पोटात काम होईल इतकं औषध नाही. उरला तो लेव्होसाल्ब्युटामॉलचा दुष्परिणाम. नानांचे हात थरथरू लागले, कप बशीवर वाजायचा, छातीत धडधडायचं. घरच्यांनी अशक्तपणा म्हणून खजूर सुरू केले. साखरेच्या पेशंटला खजूर!

फळीवरचं तिसरं घराणं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं. "सुका खोकला" म्हटलं की दुकानदाराचा हात आपसूक इथे जातो. क्लोरफेनिरामिनमुळे ही बाटली नानांना आधीच बाद. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून रक्तदाब असलेल्याने त्यापासून लांब राहावं हे बरं; शिवाय पोटातून घेतल्यावर ते नाक मोकळं करतं का, हाच प्रश्न आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं की नेहमीच्या मात्रेत तोंडावाटे त्याचा उपयोग होत नाही, आणि २०२४ मध्ये ते तिथल्या प्रिस्क्रिप्शनशिवाय चालणाऱ्या औषधांच्या यादीतून काढण्याचा प्रस्ताव आला. आपल्याकडे ते सर्दी-खोकल्याच्या गोळ्यांत आणि बाटल्यांत अजून जागोजागी आहे.

नुसतं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, म्हणजे उबळ मेंदूतून दाबणारं औषध, राहिलं. नानांना ते चाललं असतं. मनाच्या आजारावरच्या गोळ्या, म्हणजे एस्सिटालोप्राम किंवा त्या जातीचं काही चालू असेल तर त्याच्याशी ते जुळत नाही, तसं नानांचं काही नव्हतं. अडचण इतकीच की एकटं डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली बाटली फळीवर शोधावी लागते. बहुतेकांत कुणीतरी सोबतीला असतंच. आणि ते नानांच्या खोकल्याच्या मुळापर्यंत पोचणार नव्हतं, पण हे मला अजून कळायचं होतं.

कोडीनची (अफूच्या जातीचं, सवय लावणारं औषध) बाटली नानांच्या चर्चेत आलीच नाही. ते शेड्यूल एच-वनमधलं औषध. २०१४ पासून त्या यादीतलं औषध द्यायचं तर प्रिस्क्रिप्शन पाहून वेगळ्या वहीत नोंद करावी लागते. तरीही गुपचूप मागणारे येतात, पण ती दुसरी गोष्ट.

आयुर्वेदिक बाटल्यांबद्दल सूनबाईने आपणहून विचारलं. "अडुळशाचं देऊ का? त्याला तर साइड इफेक्ट नसतो." लेबल वाचून दाखवलं: पाक साखरेचा. नानांसाठी दिवसाला तीन वेळा साखरेचा पाक. आणि मग कळलं की नाना दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी चघळतात. घसा त्याने ओला राहतो हे खरं, पण ज्येष्ठमध रोज आणि भरपूर पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. रक्तदाबाच्या माणसाने ते महिनाभर चघळू नये. घरगुती म्हणून ते कुणी औषधाच्या यादीत धरलंच नव्हतं.

गोळ्यांचा डबा

आधी काय घेतलं ते झालं. रोज काय घेतात ते बाकी होतं. नानांच्या नेहमीच्या गोळ्या आमच्याकडून जात नाहीत, मुलगा ॲपवरून मागवतो. त्यामुळे आमच्या संगणकात नानांच्या नावावर काहीच नव्हतं. पुन्हा फोन, पुन्हा फोटो. स्टीलचा डबा, आत पाच-सहा स्ट्रिपा. काही कात्रीने कापलेल्या, कारण सूनबाई आठवड्याच्या गोळ्या मोजून वेगळ्या ठेवते. मेटफॉर्मिन, टॅमसुलोसिन, कोलेस्टेरॉलची गोळी. आणि एक कापलेली स्ट्रिप, जिच्यावर नाव अर्धंच उरलं होतं. शेवटची अक्षरं वाचता येत होती: "-प्रिल ५".

ही रामिप्रिल निघाली. आधी नानांना रक्तदाबासाठी अम्लोडिपिन होती. नवरात्रात लघवीत प्रथिनं जास्त दिसली म्हणून डॉक्टरांनी तिच्याऐवजी मूत्रपिंडाचंही रक्षण करणारी रक्तदाबाचीच गोळी, रामिप्रिल, दिली. साखरेच्या पेशंटला ही गोळी देणं अगदी रास्त आहे. पण रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल या कुटुंबाचा एक ओळखीचा उपद्रव म्हणजे सुका खोकला. ही औषधं ज्या एन्झाइमला अडवतात तेच एन्झाइम ब्रॅडिकिनिन नावाच्या द्रव्याचाही निचरा करत असतं. तो थांबला की ब्रॅडिकिनिन साचतं आणि घशापासून श्वासनलिकेपर्यंतच्या नसा हुळहुळ्या होतात. शंभरातल्या पाच ते वीस जणांना असं होतं असे आकडे सहसा सांगितले जातात. कुणाला पहिल्याच आठवड्यात होतो, कुणाला काही महिन्यांनी. नवरात्रात सुरू झालेली गोळी आणि दिवाळीत सुरू झालेला खोकला: फटाक्यांनी या दोघांमधला दुवा झाकून टाकला.

या खोकल्यावर बाटल्या चालत नाहीत. कफ नाही म्हणून कफ पातळ करून उपयोग नाही, श्वासनलिका आकसलेली नाही म्हणून ती सैल करून उपयोग नाही. गोळी चालू आहे तोवर खोकला चालू राहतो.

मला खात्री होती का? नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं. पोटातलं ॲसिड वर येऊनही रात्रीचा सुका खोकला होतो, क्षयरोगाची तपासणी बाकी होती, छाती कुणी ऐकलेली नव्हती. माझं काम शंका नीट लिहून योग्य माणसापर्यंत पोचवण्याचं. तोंडी निरोप वाटेत बदलतो: "मेडिकलवाल्या ताई म्हणाल्या तुमच्या गोळीने खोकला झाला" असा तो डॉक्टरांपुढे गेला असता आणि तिथेच बिनसलं असतं. म्हणून चिठ्ठी लिहून दिली:

"रुग्ण वय ६६, रक्तदाब, मधुमेह, प्रोस्टेट. रामिप्रिल ५ मिग्रॅ नवरात्रापासून. दिवाळीपासून सुका खोकला, झोपल्यावर जास्त. ताप, वजनघट, रक्त, घरघर नाही. डायफेनहायड्रामिनवर लघवीला अडथळा, लेव्होसाल्ब्युटामॉलवर कंप व धडधड; दोन्ही आता बंद. ज्येष्ठमध रोज चघळत होते, थांबवायला सांगितलं आहे. खोकल्याचा संबंध रामिप्रिलशी असू शकेल का, कृपया पाहावं. खोकला महिनाभराचा असल्याने थुंकी तपासणीचाही विचार व्हावा."

खाली सूनबाईसाठी मोठ्या अक्षरांत: "डॉक्टरांनी सांगेपर्यंत रक्तदाबाची गोळी बंद करू नये."

तोवर नानांना काय? कोमट पाण्याचे घोट, मिठाच्या गुळण्या, डोक्याखाली जास्तीची उशी, घशासाठी साखर नसलेल्या चघळायच्या गोळ्या. पहाटे पाचऐवजी ऊन आल्यावर फिरणं. बाटली नाही.

कडेवरची मुलगी

नातीचा प्रश्न सोपा होता, पण समजावायला अवघड. आजोबांना औषध नाही म्हटलं तर लोक ऐकून घेतात, लेकराला नाही म्हटलं तर दुकानदार टाळतोय असं वाटतं.

नाक वाहत होतं, खोकला ओलसर, ताप नव्हता. तेवढ्या वेळात ती काउंटरवरच्या पेनाचं झाकण काढून पुन्हा बसवत होती. मी सूनबाईला तिचा फ्रॉक वर करायला सांगून घड्याळ लावून एक मिनिट श्वास मोजले: २८. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास शांत असताना मिनिटाला ४० किंवा जास्त असेल तर तो जलद, आणि फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर त्याच दिवशी दवाखाना. दोन्हीतलं काहीच नव्हतं. ही मोजणी प्रत्येक आईला येते, फक्त पूर्ण एक मिनिट मोजायला हवी आणि मूल रडत असताना मोजू नये.

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी काढलेली सूचना स्पष्ट आहे: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली सर्वसाधारणपणे त्यांची शिफारस नाही. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनच्या ठरावीक मिश्रणावर "चार वर्षांखालील मुलांना वापरू नये" अशी सूचना छापायचे आदेश निघाले होते. सूनबाईच्या घरी त्याच मिश्रणाचे थेंब गेल्या हिवाळ्यापासून फ्रिजच्या दारात पडून होते. ते टाकून द्यायला सांगितलं.

मुलीला रात्री झोपताना अर्धा चमचा मध, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, जास्त वेळा पातळ खाणं-पिणं. मधाने मुलांचा रात्रीचा खोकला थोडा हलका होतो याला बऱ्यापैकी आधार आहे. बाटल्यांच्या बाजूने किंवा विरुद्ध ठोस म्हणावं असं फारसं हाती नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध अजिबात नाही, बोटाला लावूनही नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. सटवाईच्या दिवशी मध चाटवणाऱ्या आज्यांशी याच्यावरून माझे वाद होतात आणि होत राहतील.

"चांगल्या कंपनीचं"

छिंदवाड्याची भीती सूनबाईने बोलून दाखवली होती, तिला उत्तर देणं भाग होतं. तिथे मुलं दगावली ती कोल्ड्रिफ नावाच्या सिरपमुळे. तमिळनाडूतल्या कांचीपुरमला बनलेल्या त्याच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के निघालं. मान्य मर्यादा ०.१ टक्का. हे विषारी द्रव मूत्रपिंडं निकामी करतं. सिरपात औषध विरघळवायला प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन लागतं; ते औषधी दर्जाचं न घेता, न तपासता वापरलं की हे विष आत येऊ शकतं. आपल्याला हे नवं नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये दूषित ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले आणि त्यावर चौकशीसाठी लेंटिन आयोग बसला. २०२२ मध्ये गांबियात भारतात बनलेल्या सिरपांमुळे मुलं गेल्याचं प्रकरण जगभर गाजलं.

पण "चांगली कंपनी" हे उत्तर एकाच प्रश्नाचं आहे: बाटलीत लेबलवर लिहिलंय तेच आहे का. नानांच्या दोन्ही बाटल्या नावाजलेल्या कंपन्यांच्या होत्या आणि त्यांत लेबलवर लिहिलं होतं तेच होतं. नानांना त्रास झाला तो त्यातल्या खऱ्या, शुद्ध औषधाने. भेसळीची भीती रास्तच आहे, तिच्यासाठी बिल घ्यावं, बॅच नंबर पाहावा, उघडी जुनी बाटली वापरू नये. पण त्या भीतीपायी लेबलची मागची बाजू वाचायची राहून जाते.

आणखी एक गैरसमज लोकांचा असतो, आणि तो दूर करायला आमच्या धंद्यातल्या कुणाला घाई नाही: काउंटरवर सहज मिळतं ते सरकारने निर्धोक ठरवलेलं असतं. परदेशात असते तशी "प्रिस्क्रिप्शनशिवाय चालणारी औषधं" ही वेगळी यादी आपल्या कायद्यात नाही. शेड्यूल एच, एच-वन आणि एक्स यांना प्रिस्क्रिप्शन लागतं. त्यांत न बसणारं ते विकलं जातं. नानांच्या दुसऱ्या बाटलीवर लाल चौकटीतला इशारा होता, म्हणजे ती डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय द्यायचीच नव्हती. कुणीतरी दिली. कोणी, ते मी विचारलं नाही, कारण जेलरोडवर हे कुणीही करतं.

पुढे

चिठ्ठी घेऊन सूनबाई गेली, आणि मधल्या दिवसांत नानांनी ती स्वतः वाचली. निवृत्त माणसाकडे वेळ असतो. "गोळीनेच होतंय तर घेतो कशाला" म्हणत त्यांनी रामिप्रिल परस्पर बंद केली, खालची मोठी अक्षरं सुनेसाठी आहेत असं म्हणून. डॉक्टरांकडे पोचले तेव्हा रक्तदाब १७२/९८. डॉक्टर रागावले, पण चिठ्ठी त्यांनी नीट वाचली. छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ होता. थुंकीच्या तपासणीसाठी बिटको रुग्णालयात पाठवलं. सुक्या खोकल्यात पहाटेचा नमुना जेमतेम निघाला, दोन हेलपाटे पडले, पण तपासणी मोफत झाली आणि अहवाल निगेटिव्ह आला.

रामिप्रिलऐवजी टेल्मिसार्टन सुरू झाली. ती मूत्रपिंडालाही तेवढीच उपयोगी, आणि ब्रॅडिकिनिनच्या वाटेला जात नसल्यामुळे तिच्यावर असा खोकला सहसा होत नाही. नवी गोळी घ्यायला नाना स्वतः आले. खोकत आले. "मॅडम, गोळी बदलून आठवडा झाला, अजून आहेच की." गोळी थांबल्यावर खोकला लगेच जात नाही, सहसा एक ते चार आठवडे लागतात, काहींना तीन महिनेही. हे आधी सांगितलं नाही तर माणूस तिसरी बाटली शोधायला निघतो. नाना निघालेच होते, मित्राने चौथ्याच कंपनीचं नाव लिहून दिलेला कागद त्यांच्या खिशात होता.

त्याच भेटीत डबा पुन्हा पाहिला. त्यांनी या वेळी तो पिशवीत घालून आणला होता. रामिप्रिलची कापलेली स्ट्रिप अजून आत होती आणि शेजारी टेल्मिसार्टन. ॲपवरची मासिक ऑर्डरही बदललेली नव्हती, म्हणजे पुढच्या महिन्यात रामिप्रिलचं नवं पाकीट आलं असतं आणि सूनबाईने सवयीने दोन्ही मोजून ठेवल्या असत्या. या दोन गोळ्या एकत्र चालत नाहीत. पोटॅशियम वाढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. ऑर्डर नानांच्या मुलाला फोन करून तिथल्या तिथे बदलायला लावली. औषध बदललं की जुनं घरातून बाहेर काढायचं काम कुणाचंच नसतं, ना डॉक्टरांचं ना दुकानाचं. घरात निस्तरणारी सूनच असते, आणि तिला कुणी सांगितलेलं नसतं.

डिसेंबरच्या अखेरीस रात्रीची ढास गेली. पहाटे थंडीत फिरायला गेलं की थोडं खोकायला होतं, असं नाना म्हणतात. पहाटेचं फिरणं त्यांनी पुन्हा सुरू केलंच आहे. सर्जनची वेळ रद्द झाली. नात चार-पाच दिवसांत आपोआप बरी झाली होती.

आमच्या संगणकात आता नानांच्या नावापुढे एक ओळ आहे, आणि तीच त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहायला लावली: "रामिप्रिल व त्या गटातील सर्व गोळ्या: खोकला झाला होता, देऊ नयेत." उद्या नाना दुसऱ्या कुठल्या रुग्णालयात दाखल झाले, हृदयाचं काही निघालं, तर तिथला डॉक्टर याच गटातली गोळी देण्याची शक्यता भरपूर आहे, आणि ते योग्यच असेल. त्याच्यासमोर नानांची फाइल असेल, आम्ही नसू.